परसातल्या पंचवीस कोंबड्या



ऊस हे आपले मोठे पीक. पण उसाचा पैसा मोठा असला तरी तो सावकाश येतो. आडसाली लागण केली की तोड येईपर्यंत सोळा-अठरा महिने वाट पाहायची, आणि मग बिल हप्त्याहप्त्याने. तो पैसाही सोसायटी, खत, पाणीपट्टी, लग्नकार्य यांत वाटून जातो. घरातली मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, डॉक्टरची फी, देवाधर्माचा खर्च मात्र रोजचा असतो. हा रोजचा खर्च पूर्वी म्हशीच्या दुधावर आणि परसातल्या कोंबड्यांवर भागत असे. अंड्याचा पैसा कारभारणीच्या कनवटीला असे आणि त्याचा हिशेब तिला कोणी विचारत नसे.

आता पुष्कळ घरांतून खुराडी गेली. कारणे विचारली तर उत्तर ठरलेले. ‘कोंबड्या टिकत नाहीत, एकदा रोग आला की खुराडं साफ होतं.’ दुसरे उत्तर असे की, ‘सुधारित पिलं आणली, ती अंडी देऊन संपली, पुढं रवण चालली नाही.’ ही दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्हींवर उपायही आहे. पहिलीचा उपाय लस. दुसरीचा उपाय म्हणजे एकाच जातीच्या मागे न लागता कोंबड्यांचा नीट मेळ बसवणे. हा लेख हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी नाही. परसात पंचवीसएक पक्षी ठेवणाऱ्या घरासाठी आहे.

गावठी की सुधारित?

हा वाद चावडीवर नेहमी होतो. एक म्हणतो, गावठीच बरी, काटक असते, अंड्याला भाव येतो. दुसरा म्हणतो, गावठी वर्षाला पन्नास-साठ अंडी देणार, तिला कशाला पोसायची? दोघेही अर्धे बरोबर आहेत.

गावठी कोंबडी अंडी कमी देते, कारण ती आई आहे. बारा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, एकवीस दिवस रवणीवर बसते, मग दोन-तीन महिने पिले हिंडवते. तेवढे दिवस अंडी बंद. सुधारित जातींमध्ये निवड करताना हा खुडूकपणाच कमी केलेला आहे, म्हणून त्या अंडी जास्त देतात. म्हणजे जास्त अंडी आणि पिले उबवणे हे दोन्ही गुण एकाच कोंबडीत मागू नयेत. घरात जशी कामे वाटून दिलेली असतात, तशी खुराड्यातही वाटून द्यावीत. अंड्यासाठी एक जात, उबवणीसाठी दुसरी, मांसासाठी तिसरी. मिश्र कळप ठेवायचा तो यासाठी.

कोणती जात कशासाठी

ग्रामप्रिया : हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने खास परसासाठी तयार केलेली, अंड्याची जात. चांगल्या सांभाळात वर्षाला १८० ते २०० अंडी देते. अंडे तपकिरी आणि गावठीपेक्षा चांगलेच मोठे असते. अंगाने हलकी असल्याने हिंडून खाते.

वनराजा : याच संस्थेची दुहेरी उपयोगाची जात. पिसांचे रंग अनेक, त्यामुळे बाजारात गावठीसारखी दिसते. वर्षाला शंभर ते एकशेदहा अंडी धरावीत. नर तीन महिन्यांत सव्वा ते दीड किलोपर्यंत भरतो.

गिरिराज : बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची जात, आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची. अंगाने भारी, अंडी १३० ते १५०. मात्र जडपणामुळे तिला चट्कन पळता-उडता येत नाही. जिथे कुत्र्यांचा, मुंगसाचा त्रास आहे तिथे गिरिराज मोकाट सोडणे म्हणजे त्यांना आमंत्रण देणे.

ऱ्होड आयलंड रेड : मूळची अमेरिकेची, तांबड्या पिसांची. आपल्या सरकारी कुक्कुट प्रक्षेत्रांवर वर्षानुवर्षे सांभाळलेली आहे. शुद्ध जात असल्याने हिची पैदास पुढे तशीच येते.

असील : झुंजीची जात. पाय उंच, मान ताठ, मांस घट्ट. अंडी फार थोडी, पण रवणीला बसण्यात आणि पिलांचे रक्षण करण्यात हिचा हात धरणारी दुसरी नाही. दोन असील नर एका खुराड्यात कधीही ठेवू नयेत.

कडकनाथ : मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातील भिल्ल आदिवासींनी जपलेली काळी जात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. मांस काळे, अंडे मात्र फिकट तपकिरी असते. काळ्या अंड्याच्या गोष्टी कोणी सांगितल्या तर विश्वास ठेवू नये. ही कोंबडी रवणीला नीट बसत नाही. तिची अंडी गावठीखाली ठेवावी लागतात.

बोडक्या मानेची गावठी : पुष्कळ लोक दिसायला वाईट म्हणून ही ठेवत नाहीत. पण मानेवर पिसे नसल्याने अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती इतरांपेक्षा चांगली तगते. खुराड्यात अशी एक-दोन असावीत.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. ग्रामप्रिया, वनराजा, गिरिराज हे संकर आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पिले निघतील, पण ती आईसारखी निपजतीलच असे नाही. संकरित मक्याचे बी घरचे धरल्यावर जे होते तेच इथे होते. म्हणून सुधारित पिले दर दीड-दोन वर्षांनी नवीन आणावी लागतात, आणि गावठीची रवण मात्र घरीच चालू ठेवायची असते.

पंचवीसचा मेळ

एका घराला झेपेल असा मेळ पुढीलप्रमाणे बसवता येतो.

गावठी माद्या ५ आणि गावठी कोंबडा १. ग्रामप्रियाच्या माद्या १२. वनराजा किंवा गिरिराजचे ५ पक्षी, जे वाढवून विकायचे आणि पुन्हा भरायचे. गिनी कोंबडीची १ जोडी. झाले पंचवीस.

यात कोंबडा एकच आणि तोही गावठी, याला कारण आहे. सुधारित जातीचे नर चार महिन्यांच्या आत विकून टाकले, तर गावठी माद्यांवर फक्त गावठी कोंबडाच राहतो. मग गावठीच्या अंड्यांतून निघणारी पिले निर्भेळ गावठी होतात. आपल्या गावची काटक, खुडूक होणारी ओळ टिकते. सुधारित कोंबडा मोकळा ठेवला तर पहिल्या पिढीची पिले वजनदार दिसतात, मालक खूश होतो. पण दोन-तीन पिढ्यांनी रवणीला बसणारी कोंबडी गावात शोधूनही सापडत नाही. पुष्कळ गावांतून हेच झाले आहे. अंडी वेगळी करणे सोपे असते. ग्रामप्रियाचे अंडे मोठे व तपकिरी, गावठीचे लहान व फिकट. मोठी विकायची, लहान बसवायची.

नुसती अंडी खाण्या-विकण्यासाठी कोंबडा लागतच नाही. रवणीसाठी आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो. दीड-दोन वर्षांनी तो बदलावा आणि नवा कोंबडा दुसऱ्या गावाहून आणावा. बापाचीच पिढी पुढे चालली की पिले मरतुकडी निघतात, अंडी रिकामी जातात.

बदक, गिनी आणि टर्की

मिश्र कळप म्हटल्यावर काहींना बदके, टर्की हेही आठवते. प्रत्येकाचा स्वभाव पाहून मगच घ्यावे.

गिनी कोंबडी चिवट असते. आजार कमी, हिंडून किडे-गोचिड्या टिपते आणि राखणीला कुत्र्याच्या वरताण. परका माणूस, साप, मांजर दिसले की कालवा करते. ज्यांना कालवा सोसत नाही त्यांनी घेऊ नये. नर-मादी दिसायला सारखेच. मात्र दोन तुकड्यांचा आवाज काढते ती मादी, नर एकसुरी किंचाळतो. पिले निघायला २६ ते २८ दिवस लागतात.

बदकांत खाकी कॅम्पबेल ही अंड्यांची जात. चांगल्या सांभाळात वर्षाला अडीचशेवर अंडी देते. बदके पहाटे अंडी घालतात, म्हणून सकाळी नऊपर्यंत त्यांना सोडू नये. नाहीतर अंडी पाटात पडतात. तळे नसले तरी चालते, पण डोके बुडेल एवढे खोल भांडे हवेच. बदके पाणी सांडतात, खुराड्यात चिखल करतात, आणि ओल्या जागेत कोंबडीची पिले जगत नाहीत. शिवाय मानमोडीचा विषाणू बदकाला फारसा बाधत नाही पण ते तो बाळगू शकते. म्हणून बदके ठेवायची तर रात्रीची जागा वेगळी हवी.

टर्की कोंबड्यांबरोबर ठेवूच नये. कोंबडीच्या पोटातल्या एका जंतामार्फत टर्कीला यकृताचा रोग होतो. त्याने कोंबडी सहसा मरत नाही, टर्की मरते.

पिले कोठून आणावीत

खात्रीच्या ठिकाणाहूनच. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, त्यांचा पत्ता व नोंदणीची पद्धत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. आठवडी बाजारातून फिरत्या विक्रेत्याकडून रंग दिलेली स्वस्त पिले घेऊ नयेत. ती बहुधा लेअर कंपन्यांना नको असलेले नर असतात. खातात भरपूर, वाढत नाहीत.

सरमिसळ पिले घेतली तर निम्मे नर निघणार हे धरून चालावे. बारा माद्या हव्या असतील तर तीस पिले घ्यावीत. दोन-चार दगावतील, तेरा-चौदा माद्या हाती लागतील, आणि तेवढेच नर तीन-चार महिन्यांत विकून पिलांचा व खाद्याचा बराचसा खर्च निघेल.

आणखी एक सावधगिरी. कोणी दारात येऊन ‘पिलं आम्ही देतो, अंडी आम्हीच चढ्या भावाने घेतो, तुम्ही फक्त पैसे भरा’ असे म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. २०१९ साली कडकनाथच्या नावाने सांगली-कोल्हापूर भागातून अशाच योजनेत शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. जात खरी होती, बाजार खोटा होता. ज्या अंड्याला आपल्या गावात गिऱ्हाईक नाही, त्याच्या भावाचा कागद कितीही मोठा असला तरी तो कागदच.

पहिले सहा आठवडे

गावठी कोंबडी पिलांची ऊब, शिक्षण, संरक्षण सगळे पाहते. विकतच्या पिलांना ती आई आपणच व्हायचे असते.

पिले येण्याआधी एक दिवस जागा तयार ठेवावी. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करावे, कोपरा ठेवू नये. कोपऱ्यात पिले एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली दोन इंच तूस पसरून पहिले तीन दिवस त्यावर वर्तमानपत्र घालावे. वर बल्ब टांगावा. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस उष्णता हवी. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करत जावे. थर्मामीटर नसला तरी पिलेच सांगतात. बल्बाखाली घोळका करून चिवचिवत असतील तर गारठली आहेत, कडेला जाऊन चोची उघडून बसली असतील तर उष्णता जास्त आहे, आणि सगळीकडे पसरून खात असतील तर बेत बरोबर आहे. लोडशेडिंगची वेळ माहीत असते, त्या वेळेसाठी शेगडीत निखारे आणि वर राख अशी सोय ठेवावी. पण धूर कोंडू देऊ नये.

आपल्याला बगॅस सहज मिळते, म्हणून एक सूचना. गादीसाठी बगॅस चालते, पण ते पूर्ण वाळलेले हवे. ओल्या बगॅसला बुरशी येते, ती पिलांच्या फुप्फुसात जाते आणि पिले धापा टाकत मरतात. हातात दाबून पाहावे, ओल लागली किंवा कुबट वास आला तर ते पिलांखाली न घालता उकिरड्यावर टाकावे.

लहान पिले आणि मोठ्या कोंबड्या कधीही एकत्र ठेवू नयेत. मोठ्या पक्ष्याला सोसवणारा रोग लहानाला मारतो. सगळ्यात जास्त नुकसान रक्ती हगवणीचे. पिलांचे काम आधी करावे, मोठ्यांचे नंतर. नवीन आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा बांधून पाहावा आणि मग रात्री अंधारात जुन्यांत सोडावा. सकाळी उठल्यावर भांडणे कमी होतात.

खुराडे आणि राखण

रात्रीच्या मुक्कामाला पक्ष्यामागे दीड चौरस फूट जागा पुरते. पंचवीस पक्ष्यांना सहा फूट बाय साडेसहा फूट. तोंड पूर्व-पश्चिम लांबीचे, म्हणजे दुपारचे ऊन आत येत नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खाली साफ करता येईल असे. आत बसायला आडव्या काठ्या. अंडी घालायला चार-पाच माद्यांमागे एक पाटी, गवत घालून, जरा अंधाऱ्या जागी. कोपऱ्यात राख आणि कोरडी माती ठेवावी, त्यात कोंबड्या लोळतात आणि उवा-पिसवा कमी होतात.

आपल्याकडे चारी बाजूंनी ऊस. त्यात मुंगूस, रानमांजर, कोल्हा असतोच. जुन्नर, संगमनेर, अकोले अशा भागांत बिबट्याही उसात मुक्काम करून आहे. म्हणून जाळी मजबूत, दाराला कडी, आणि दिवस मावळायच्या आत कोंबड्या आत. मेलेली कोंबडी, पिसे, आतडी बांधाकडेला किंवा उसात टाकू नयेत. त्या वासाने जनावर वस्तीकडे येते आणि मग ते कोंबडीवर थांबत नाही. दोन-तीन फूट खड्डा करून, वर चुना टाकून पुरावे.

खाणे-पिणे

मोकाट हिंडणारी कोंबडी निम्म्याहून अधिक पोट स्वतः भरते. किडे, दाणे, पाला. पण अंडी वाढवायची तर रोज पक्ष्यामागे ४०-५० ग्रॅम पुरवणी खाद्य द्यावे. बंदिस्त कोंबडीला ११०-१२० ग्रॅम लागते, यावरून हिंडण्याचे मोल कळते.

घरी मिश्रण करायचे तर शंभर किलोस मक्याचा भरडा ५०, गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा २०, सोयाबीन पेंड २२, शिंपल्याचा चुरा ६ आणि खनिज मिश्रण २ किलो. हे मोठ्या माद्यांसाठी आहे. लहान पिलांना विकतचे पिलांचे खाद्यच पहिले सहा आठवडे द्यावे, तिथे काटकसर करू नये.

घरचे कच्चे सोयाबीन भरडून घालण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो. ते भाजूनच घालावे. शेंगदाण्याची पेंड आणि मका बुरशी आलेला नसावा. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या, तेव्हा शोध घेता शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीचे विष सापडले. त्यालाच आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. बदके आणि टर्की त्याला सगळ्यात हळव्या. जनावरालाही नको झालेला मका कोंबड्यांना घालतात, ते चूक आहे.

हिरवे म्हणून लसूणघास, शेवग्याचा पाला, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या टांगून ठेवाव्यात. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दिवसातून दोनदा बदललेले. उन्हाळ्यात दाणा सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्यावा, भर दुपारी नको.

मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगे कडुलिंब-बाभळीवर येतात. प्रकाश सापळ्यात पडलेले भुंगे सकाळी कोंबड्यांपुढे टाकले तर उसाचाही फायदा आणि कोंबड्यांचाही. मात्र सापळ्याच्या पाण्यात रॉकेल किंवा औषध घातले असेल तर ते भुंगे मुळीच घालू नयेत. नांगरट चालू असताना कोंबड्या फाळामागे हिंडून अळ्या टिपतात, तेही चांगलेच.

शेतातले विष

हा भाग ऊसकऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. दाणेदार कीटकनाशक कोंबडीला खड्यासारखे दिसते. कोंबडी खडे खातेच, कारण तिला दात नाहीत, पोटातल्या पेटीत खड्यांनीच दाणा दळला जातो. सरीत टाकलेले औषध मातीआड झाले नाही, की दहा-वीस दाण्यांत कोंबडी गेली. फोरेट, ज्याला लोक थायमेट म्हणून ओळखतात, त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. पण जुन्या पिशव्या अजून काही गोठ्यांच्या माळ्यावर आहेत. त्या तशाच ठेवू नयेत आणि पोत्यांचा उपयोग दाणे भरायला तर कदापि करू नये. ज्या शेतात औषध टाकले तिथे काही दिवस कोंबड्या जाऊ देऊ नयेत, शेजाऱ्यालाही सांगावे. उंदरांसाठी ठेवलेल्या विषारी गोळ्यांचेही तेच. मेलेला उंदीर कोंबडीने टोचला तरी धोका आहे.

लस : हे एकट्याचे काम नव्हे

आता मुख्य गोष्ट. मानमोडी, म्हणजेच राणीखेत. १९२० च्या दशकात हा रोग आपल्या देशात कुमाऊँमधल्या रानीखेत येथे ओळखला गेला, म्हणून हे नाव. हिरवी हगवण, घरघर, पंख लुळे, मान वाकडी, आणि चार दिवसांत खुराडे रिकामे. याला औषध नाही, फक्त लस आहे, आणि लस स्वस्त आहे. तरीही दर उन्हाळ्यात गावेच्या गावे रिकामी होतात. का? कारण लासोटा लसीची लहानात लहान कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. ती फोडून पाण्यात मिसळल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. एका घरात पंचवीस पक्षी. बाकीच्या मात्रा वाया जाणार म्हणून कोणीच कुपी आणत नाही.

ज्यांनी एकेकट्याने न होणारा साखर कारखाना सहकाराने उभा केला, त्यांना एक कुपी वाटून घेता येऊ नये, हे काही बरे नाही. गल्लीतली सात-आठ घरे एकत्र आली तरी कुपी पुरून जाते. दोन महिन्यांतला एक दिवस ठरवावा, पहाटे कोंबड्या कोंडलेल्या असतानाच काम उरकावे. बचत गटाच्या बहिणींनी हे काम अंगावर घेतले तर उत्तम.

पिलांचा क्रम असा : मरेक्सची लस पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच. ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. १४ व्या दिवशी गंबोरो. २८ व्या दिवशी लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची लस पंखाच्या पडद्यात. आठ ते दहाव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी टोचून. आधी लासोटा न दिलेल्या पक्ष्याला आणि अंड्यावरच्या कोंबडीला आर-टू-बी देऊ नये. मोठ्या पक्ष्यांना दर दोन-तीन महिन्यांनी लासोटा पाण्यातून.

पाण्यातून देताना तीन पथ्ये. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणावी. कोंबड्यांना दोन तास तहानलेले ठेवावे. आणि नळाचे टीसीएल घातलेले पाणी वापरू नये, त्याने लस मरते. विहिरीचे पाणी घ्यावे आणि लिटरमागे ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालावी. आजारी पक्ष्याला लस देऊ नये.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. गाळप हंगामात तोडणी टोळ्या येतात, त्यांच्या गाडीवर डालग्यात चार कोंबड्या असतात. तीही माणसे आपल्याच फडात राबतात, त्यांच्याही घरचा तोच आधार. त्यांच्या कोंबड्यांना लस नसेल तर रोग त्यांच्याकडून आपल्याकडे येईल, तसाच आपल्याकडून त्यांच्याकडे जाईल. म्हणून लसीच्या दिवशी कोप्यांवरही निरोप द्यावा. कुपीत मात्रा उरतातच.

बर्ड फ्लूचा आपल्या देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातही तो आढळला. एकाएकी बरेच पक्षी मेले, तुरे-गळोल निळे पडले, तर मेलेले पक्षी हाताळू नयेत, विकू नयेत, कापून खाऊ नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. भीतीपोटी लपवण्याचा मोह होतो, पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. लपवले तर गाव जाते, कळवले तर निदान गाव वाचण्याची संधी राहते. उलट, अफवेवरही जाऊ नये. २०२० च्या सुरुवातीला कोरोना कोंबडीमुळे होतो अशी खोटी आवई उठली आणि भाव कोसळले, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांचे किती नुकसान झाले ते आपण पाहिलेच आहे.

हिशेब

हिशेब रुपयांत न सांगता अंड्यांत सांगतो, म्हणजे तो कोणत्याही सालात चालेल. ग्रामप्रियाच्या १२ माद्या, गावच्या सांभाळात प्रत्येकी १५० अंडी धरू, झाली १८००. गावठी ५ माद्यांची प्रत्येकी ५० प्रमाणे २५०. एकूण २०५०, म्हणजे रोजची साडेपाच अंडी. यातून रवणीसाठी दरवेळी १० ते १२ अंडी बाजूला काढायची. ती आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांची असावीत. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडे पाहावे. शिरा दिसल्या तर ठीक, स्वच्छ दिसले तर ते काढून टाकावे.

खर्चात पंचवीस पक्ष्यांना रोज सव्वा किलो खाद्य. आता आपल्या बाजारात सव्वा किलो खाद्याला काय पडते आणि एक अंडे कितीला जाते ते मांडून पाहावे. साडेपाचपैकी किती अंडी खाद्याला जातात हे कळेल, उरलेली घरची. शिवाय वर्षाकाठी विकलेले नर वेगळे, आणि खुराड्याखालची विष्ठा वेगळी. ती ताजी पिकाला घालू नये, पाचटाबरोबर कुजवून घालावी. उसाला उत्तम.

यातून कोणी बंगला बांधणार नाही, आणि तसे सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. पण घरातल्या पोराला रोज एक अंडे म्हणजे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने, आणि कारभारणीच्या हातात आठवड्याच्या बाजाराचे पैसे, एवढे नक्की होते. ज्या घरात हे पैसे तिच्या हाती राहतात तिथेच खुराडे टिकते. कोंबड्या सांभाळायच्या तिने आणि पैसे मोजायचे दुसऱ्याने, असे झाले की दुसऱ्या वर्षी दाराला कुलूप लागते.

सुरुवात पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. हवा कोरडी असते, पिले चांगली जगतात आणि पुढच्या एप्रिलच्या सुमारास तलंगा अंड्यावर येतात. खुराडे आधी, लसीचा दिवस ठरवणे त्यानंतर, आणि पिले सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा करू नये. आपल्या गल्लीतली सात-आठ घरे कोणती, ते आजच बसून ठरवावे.